ट्रान्सफॉर्मरचा सा

दुपारी लाईन गेली. नागपूरच्या कडेच्या या बेसात लाईन जाण्याचं काही नवल नाही. इथे इमारती आधी आल्या, रस्ते मागून येताहेत, आणि वीज पाहुणीसारखी येऊनजाऊन असते. रविवार होता. मी ओट्याशी उभी राहून वालाच्या शेंगा निवडत होते. पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला, फ्रिज एकदा खाकरून गप्प झाला, खालची पाण्याची मोटर बंद पडली, समोरच्या घरातला टीव्ही वाक्याच्या मधेच तुटला. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत ते चालूच होतं. घूं. खालच्या पट्टीतलं, जाड, एकसारखं. मला आधी बरंच वाटलं. घाबरण्यासारख्या गोष्टी आयुष्यात काही कमी नाहीत, पण या आवाजाला मी कधी घाबरले नव्हते, मी त्यातच जन्मले. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत तो रात्रंदिवस असायचा, भिंतीत, भांड्यांत, उशीत. असायचा तोवर कुणाला ऐकू येत नसे. युनिट ट्रिप होऊन तो थांबला की मात्र सगळ्यांना ऐकू यायचा. झोपलेली पोरं जागी व्हायची, बायका हातातलं टाकून दारात यायच्या आणि प्लांटच्या चिमण्यांकडे बघत उभ्या राहायच्या, कारण कुणाचा ना कुणाचा नवरा तेव्हा ड्युटीवर असायचा. म्हणजे आवाज आहे तर सगळं ठीक आहे, आणि शांतता आली तर विचारपूस करायची, अशी आमची रीत. शेंगा निवडता निवडता मी त्या रीतीनंच मानलं की प्लांट चालू आहे, सगळं ठीक आहे. मग हात थांबला. खापरखेडा नागपूरच्या त्या टोकाला, बेसा या टोकाला, मधे अख्खं शहर. मी गॅलरीत गेले, आत आले, खिडक्या लावल्या. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली, तर तो आणखी मोठा झाला.

मिनल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचे पप्पा रायपूरला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. माझी ही मुलगी अजब आहे, तिला राग आला की तिचा आवाज चढत नाही, खाली जातो. दुःख झालं तर आणखी खाली. मी तिला आवाजाचं सांगितलं तेव्हा ती सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, तू किती दिवसांपासून नुसती हो-हो करून राहिली, माहीत आहे का तुले? मी काय बोलली ते तुले ऐकूच येत नाही. तू मान हलवते." मी म्हणाले, असं काही नाही. म्हणताना मान हलवली. खरं तर मला तिचं बोलणं बरेच दिवस अर्धंच पोचत होतं. शब्दांच्या कडा घासून गेल्यासारख्या, मधला गर तेवढा यायचा आणि कडा मी तिच्या ओठांवरून भरून घ्यायची. ऑफिसात विमाधारक काउंटरवर तावातावानं बोलतात, ते नीट ऐकू यायचं. भांडणारा माणूस कधी ऐकू आला नाही असं झालं नाही. धंतोलीतल्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी दाबत राहिले. मधेच बाहेर बघितलं तर मिनल काचेपलीकडे माझ्या अंगठ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की अंगठा हलायला हवा होता तेव्हा बराच वेळ हलला नव्हता. डावा अर्ध्याहून जास्त गेला आहे, डॉक्टर म्हणाले. उजवा त्याच रस्त्यावर आहे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. "काम काय करता तुम्ही?" मी म्हणाले, विमा. मिनल म्हणाली, "ड्रम्स." डॉक्टरांनी माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगाकडे बघितलं. मग विचारलं, अजून वाजवता? याचं उत्तर घरात त्याच महिन्यात बदललं होतं. आमच्या जुन्या बँडमधल्या रोशनचा फोन आला होता. डिसेंबरात नागपुरात मोठा कार्यक्रम होता, मोकळ्या मैदानावर, आणि त्यांना आम्ही हवे होतो. मी फोनवरच हो म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, कानांत प्लग घालून वाजवणारे वाजवतात, पण मला विचाराल तर मी नाहीच म्हणेन. तेवढ्यासाठी उजवा पणाला लावू नका.

आम्ही म्हणजे 'राखड'. नाव ऐकून लोकांना वाटतं की त्यामागे मोठा विचार असेल. उन्हाळ्यात वारा सुटला की प्लांटची राख, म्हणजे राखड, दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, दुसरं काही नाही. रोशनचे वडील लहानूकाका. त्यांची जमीन राखेच्या तलावासाठी गेली आणि बदल्यात प्लांटची नोकरी लागली, तेव्हापासून ते शेजारच्या क्वार्टरमध्ये. रोशन गायचा आणि गिटार वाजवायचा, वसाहतीतलाच साहिल बेस गिटार वाजवायचा, आणि मी ड्रम्स, कारण तिसरं कुणी नव्हतं आणि माझे हात बाबांच्या ढोलकीवर आधीच चालत होते. बाबा भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना घर दिसायचं नाही, या वस्तीतून त्या वस्तीत. आमचा ड्रमसेट कामठीच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातला, सायकलरिक्षात घालून आणलेला, त्याचं एक झांजपान, काठीनं वाजवायची पितळी थाळी, फुटकं होतं. मी ते बदलू दिलं नाही. गिटार सुरात कशी लावतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शहरात त्यासाठी यंत्र मिळतं हे माहीत नव्हतं, आणि पेटी कुणाकडे नव्हती. क्वार्टरच्या मागे जाळीत ट्रान्सफॉर्मर होता, तो गुणगुणायचा. साहिल म्हणाला, सगळ्या जगात करंट एकच असतो, म्हणजे सगळ्या जगातले ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात बोलत असतील. मग जगाचा सा हाच. यात चुकीचं काय होतं? आम्हाला ते अजिबात चुकीचं वाटलं नाही. रोशन गिटारची तिसरी तार त्या गुणगुणीला मिळवायचा, साहिल बेसची पहिली, बाकीच्या तारा त्यांच्यावरून. रोज संध्याकाळी ते दोघं जाळीला कान लावून उभे असायचे आणि लहानूकाका ओसरीवरून ओरडायचे, "अबे मरता का तिकडे! अन् काय ऐकून राहिले त्याच्यात? पोपट आहे का तो?"

नागपुरात पहिल्यांदा वाजवलं ते एका कॉलेजच्या गॅदरिंगला. तिथल्या पोरानं उत्साहानं आमच्यासोबत कीबोर्ड धरला आणि दोन ओळींत त्याचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं. तो म्हणाला तुम्ही बेसूर आहात. रोशन म्हणाला, तुझी पेटी बेसूर आहे, कंपनीला परत कर. दोघं हातघाईवर आले. त्या दिवशी कळलं की आमचा सा जगाच्या दोन सुरांच्या फटीत बसतो, ना या पट्टीत ना त्या. पण तोवर रोशनचा गळा त्या फटीत पक्का झाला होता आणि माझा हातही. आम्ही कीबोर्डवाल्यांना लांब ठेवलं. पहिली सीडी वसाहतीच्या सांस्कृतिक हॉलमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केली, आणि सगळ्या गाण्यांच्या मागे ती गुणगुण आहे, कारण ती बंद करायची तर प्लांट बंद करावा लागला असता. त्यातलं कपड्यांचं गाणं लोकांना लागलं. *आई कपडे झटकते, आभाळ खाली पडते*, एवढीच ओळ रोशन दहा तऱ्हांनी म्हणतो, आणि शेवटी मी त्याच्या पुढे धावत जाते. माझा हात नेहमी पुढे धावतो. सीडी हातोहात गेली, मग पेन ड्राइव्हवरून, मग फोनांतून. भोपाळ, पुणे, हैदराबाद. मिनल पोटात होती तेव्हा मी औरंगाबादला वाजवलं होतं, आणि आई स्टेजच्या बाजूला स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू घेऊन बसली होती, ड्रमरनं गाण्यांच्या मधे लाडू खाल्लेला औरंगाबादनं पहिल्यांदाच पाहिला असेल.

मग मुंबई. कंपनीनं बोलावलं, दुसरी सीडी त्यांची. तिथला रेकॉर्डिस्ट वाईट माणूस नव्हता, हेच खरं दुखणं. तो शांतपणे म्हणाला, "तुम लोग दो सुरों के बीच में बैठे हो," आणि यंत्रानं आम्हाला उचलून शेजारच्या सुरावर नीट बसवलं. माझ्या कानात टिकटिक सोडली, की हिच्याबरोबर चाला, धावू नका. मी चालले. सीडी स्वच्छ झाली, इतकी स्वच्छ की त्यात आम्ही कुठेच नव्हतो. रोशनला स्वतःच्याच गाण्यात गाता येईना. गळा जुन्या जागी जायचा आणि वाद्यं तिथे नसायची. सीडी पडली. भांडण कुणाचंच झालं नाही, आणि झालं असतं तर बरं झालं असतं. साहिल प्लांटमध्ये लागला, रोशन पुण्याला जाहिरातींच्या सुरावटी करू लागला, मी विमा. आणि मग आम्ही नसताना आम्ही मोठे झालो. कुठल्या कुठल्या शहरातली पोरं आमची पहिली सीडी ऐकून बँड काढू लागली. मुलाखतींत आमचं नाव घेऊ लागली. एका पोराचा पाऊण तासाचा व्हिडिओ आहे, 'राखड ट्यूनिंग' नावाचा. त्यात तो सांगतो की हा प्रस्थापित संगीताला दिलेला नकार होता, दोन सुरांमधल्या बेदखल जागेचा दावा होता. मिनलनं तो मला दाखवला तेव्हा मी हसून लोळले. मग उगीच रडूही आलं. तो पोरगा चुकत होता असं मला ठामपणे म्हणता येईना, आणि लहानूकाकांचा पोपटही विसरता येईना.

डॉक्टरांकडून आल्यापासून मला बसवेना. ऑफिसात फाइल उघडून मी बोटांनी टेबल बडवत राहायची. घरी आले की खोलीतून खोलीत. शांत जागा शोधत जायची आणि जागा जितकी शांत तितका तो मोठा. आणलेले प्लग घालून पाहिले, तर बाहेरचं सगळं गेलं आणि आत फक्त तोच उरला, जणू मला त्याच्याबरोबर कोंडून कडी लावली. रोशनचे फोन येत होते. मी उचलत नव्हते. मला बाबा आठवायचे. बाबांचे कान पन्नाशीतच गेले; आई म्हणायची भोंग्यांनी गेले, जन्मभर भोंग्यासमोर बसून ढोलकी वाजवली तर दुसरं काय होईल. त्यांचा टीव्ही अख्ख्या वसाहतीला ऐकू जायचा. आधी आई त्यांच्याशी ओरडून बोलायची. भाजी झाली, पाणी आलं, बिल भरलं का. मग तेही कमी झालं. शेवटी शेवटी ती खुणा करायची, जेवायला चला, झोपा. एकदा मी तिला म्हणाले, आई, बोलत जा गं त्यांच्याशी, एकटे पडले ते. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "का बोलू वं माय? भांडण ओरडून होते. मनातलं ओरडून कसं सांगू?" ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मिनल तर ओरडणारीच नाही. ती जे काही सांगेल ते खालच्या आवाजात सांगेल, आणि तिचं सांगण्यासारखं आयुष्य आता सुरू होतंय. कुणी आवडलं, काही मोडलं, काही चुकलं. ते मला ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं. मी ठरवलं, नाही म्हणायचं. फोनवर म्हणायला जीभ रेटेना, म्हणून संध्याकाळी मिनलच्या गाडीवर मागे बसून प्रतापनगरला गेले, तिथे एका जिमच्या वरचा हॉल रोशननं पुण्याहून येऊन सरावाला घेतला होता. वाटेत मिनल पाठ न वळवता काहीतरी बोलली. मी म्हणाले, हो.

हॉलमध्ये खालच्या जिममधला घामाचा वास येत होता. रोशन जाड झालाय, दाढी पांढरी. साहिल तसाच, प्लांटच्या बुटांत. ड्रमसेट भाड्याचा, चकचकीत, मधे मांडलेला. "आली वं माया!" रोशन म्हणाला. "फोन काहून नाही उचलून राहिली? मले वाटलं येतेच नाही आता हे."

"वाजवाले नाही आली गा. सांगाले आली," मी म्हणाले, आणि एका दमात सांगून टाकलं. डावा गेला, उजवा चालला, डॉक्टर नाही म्हणाले. साहिलनं बेस हळूच खाली ठेवला. रोशन माझ्याकडे बघत राहिला. मी वाद घालायची पूर्ण तयारी करून गेले होते. तो काय म्हणेल आणि मी काय म्हणेन, सगळं गाडीवर म्हणून झालं होतं. तो म्हणाला, "मग नको वं. गेला तो प्रोग्राम. सांगून देऊ त्यायले."

"बस, इतकंच?"

"मंग का करू? तुले बहिरी करू का?" त्याचा आवाज फाटला. "तुयाशिवाय कोण वाजवते ते? येते का कोणाले तसं धावता?"

दाराशी उभ्या मिनलनं श्वास सोडला, ते मला दिसलं. सुटले, असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट संताप आला, सगळ्यांचाच, या शहाण्या, समजूतदार माणसांचा. रोशन गिटार पिशवीत घालू लागला, घालता घालता तारेला बोट लागलं आणि त्यानं तोंड वाकडं केलं. "तसंही ते लागत नव्हतं," तो म्हणाला. "आठवडा झाला लावून राहिलो. त्या व्हिडिओवाल्या पोराचा आकडा मशीनमध्ये टाकून पाह्यला, तरी मन नाही मानत. अन् इथं ट्रान्सफॉर्मरही दिसत नाही कुठी."

"मी देते न," मी म्हणाले. का म्हणाले ठाऊक नाही. मी तोंड मिटलं आणि आत जे चाललं होतं ते गळ्यात घेतलं. मला काही करावं लागलं नाही, फक्त त्याच्या अंगावर अंग टाकल्यासारखं त्याच्या सुराला लागले. घूं. साहिलनं बेस उचलला, पहिली तार फिरवत फिरवत माझ्या जवळ आणली, आणि ती मिळाली तेव्हा माझ्या छातीत काहीतरी बसलं. मग रोशनची तिसरी. "हेच वं," तो म्हणाला. "हेच तं होतं. कुठून आणलं?" साहिलनं माझ्या कानाकडे बघितलं. तो रोज त्या आवाजात ड्युटी करतो, त्याला कळलं असावं मी तो कुठून आणला.

एकच गाणं वाजवू, असं कुणी म्हणालं नाही. मी स्टुलावर बसले एवढंच. मिनल पुढे आली, प्लगची डबी माझ्या हातात दिली. मी घातले. खोली गेली, रोशन गेला, तोच तेवढा उरला, कोंडलेला. मी प्लग काढून डबी तिच्या हातात परत दिली. तिनं घेतली नाही, म्हणून जमिनीवर ठेवली. रोशननं ओळ धरली, आई कपडे झटकते, आणि मी आत शिरले. हात जड होते, पहिल्या वेळी चुकले. मग पाय लागला, मग झांजपान, मग साहिल खालून आला, आणि मी धावायला लागले, रोशनच्या पुढे, नेहमीसारखी, आणि तो हसत मागून आला. गाण्याच्या मधे कधीतरी माझ्या लक्षात आलं की तो नाही. घूं नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला, कान आत वळवून शोधला, डावीकडे, उजवीकडे, डोक्याच्या मागे. कुठेच नाही. एवढ्या दणदणाटाच्या मधोमध मला शांत जागा सापडली होती, लहानपणापासून पहिल्यांदा, खरी शांत, आणि तिथे काही अघटित झालेलं नव्हतं, कुणी दारात येऊन चिमण्यांकडे बघत नव्हतं. मी तिथे बसले. हात आपले धावत होते आणि मी बसले होते. इतकी विश्रांती मला कुठल्या झोपेनं दिली नव्हती. बाबा जयंतीच्या दिवसांत घरी का येत नसत ते तेव्हा कळलं. आई त्यांच्याशी का बोलेनाशी झाली तेही कळत होतंच. एक कळल्यानं दुसरं पुसलं गेलं नाही.

गाणं संपलं. झांजपान विरत गेलं आणि ते विरतंय तोवर मी श्वास धरून होते, पण ते विरलं आणि तो परत आला, आधीपेक्षा मोठा. रोशन आणि साहिल काहीतरी बोलत होते, हात उडवत. मिनल माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हलत होते, हळू, अगदी खाली, तिचं अगदी आतलं काहीतरी सांगताना ती बोलते तसे. मला कळत होतं की हे ऐकता यावं म्हणूनच मी नाही म्हणायला आले होते. मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला असता तर थोडं तरी पोचलं असतं. "आणखी एकदा," मी रोशनला म्हणाले, आणि मिनलचं बोलणं पुरं व्हायच्या आत काठ्या एकमेकींवर चार वेळा वाजवल्या.